रविवार घडवणारं शास्त्र

लोहगडाच्या वाटेवर एकामागून एक चार दरवाजे लागतात: गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा. त्यांच्यामधली पायऱ्यांची वाट नागमोडी, अरुंद आणि वरच्या तटावरून सतत नजरेच्या टप्प्यात राहील अशी आखलेली. शत्रूने पहिला दरवाजा फोडला तरी त्याला शेकड्यांनी आत घुसता येऊ नये, दोघा-चौघांच्या रांगेनेच पुढे सरकावं लागावं, ही त्या बांधणीमागची अक्कल. जुलै 2023 मधल्या एका रविवारी ही बांधणी आपलं काम चोख करताना दिसली. पावसाळी सहलीला आलेली माणसं वर चढत होती, आधी गेलेली खाली उतरत होती. दोन्ही प्रवाह दरवाज्यांत समोरासमोर आले आणि माणसं तासन्‌तास जागच्या जागी अडकून पडली. गडाने गर्दी अडवली. त्यासाठीच तर तो बांधला होता.

या घटनेचा विचार करावा तितकं नवल वाढत जातं. दगड तेच, वळण तेच, उंबरठा तोच. एके काळी त्या अरुंदपणाने आतल्यांचे जीव वाचवले, आज तोच अरुंदपणा जिवावर उठू शकतो. मधल्या काळात बदलला तो फक्त माणसांच्या येण्यामागचा हेतू. पूर्वी माणसं गडावर लढायला किंवा राखण करायला येत, आता आनंदासाठी येतात. आणि आनंदासाठी येणाऱ्या माणसांची व्यवस्था कशी लावायची, हा चक्क विद्यापीठात शिकवला जाणारा विषय आहे.

जगातल्या अनेक विद्यापीठांत ‘रिक्रिएशन अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’, ‘लेझर सर्व्हिसेस’ अशा नावांनी पदवीपासून पीएच.डी.पर्यंतचे अभ्यासक्रम चालतात. बाग कुठे आणि कशी आखावी, धबधब्यापाशी एका वेळी किती माणसं असावीत, रुग्णालयातल्या मुलाला कोणता खेळ द्यावा, निवृत्त माणसाची दुपार कशाने भरावी, असे प्रश्न तिथे अभ्यासाला असतात. आपल्याकडे याच विषयाचे तुकडे पर्यटन, हॉटेल व्यवस्थापन, शारीरिक शिक्षण, समाजकार्य अशा वेगवेगळ्या घरांत वाटले गेले आहेत. सगळं मिळून मराठीत त्याला विरंगुळ्याचं व्यवस्थापन म्हणता येईल. पुण्या-पिंपरीत ज्येष्ठ नागरिकांच्या ‘विरंगुळा केंद्रा’च्या पाट्या आपण रोज पाहतो. वर्तमानपत्रं, कॅरम आणि चार खुर्च्या असलेली ती खोली या शास्त्राचीच एक छोटी शाखा आहे.

वाळूच्या ढिगापासून वर्गापर्यंत

या शास्त्राची सुरुवात एका वाळूच्या ढिगापाशी झाली. 1885 च्या सुमारास अमेरिकेतल्या बोस्टन शहरात, दाट वस्तीतल्या गरीब मुलांसाठी एका संस्थेच्या अंगणात वाळू आणून टाकली गेली. बर्लिनच्या बागांत मुलं अशा वाळूत खेळताना डॉ. मारी झाक्‌शेव्स्का यांनी पाहिली होती, त्यांची ही सूचना. मुलांचा गोंगाट रस्त्यावरून अंगणात आला. मग लक्षात आलं, की नुसती वाळू पुरत नाही. भांडणं सोडवणारं, खेळ सुचवणारं, लहानग्यांकडे लक्ष ठेवणारं कुणीतरी हवं. ते काम आधी स्वयंसेवक स्त्रियांनी केलं, पुढे त्यासाठी पगारी माणसं आली. 1906 मध्ये वॉशिंग्टनमध्ये क्रीडांगणांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली, 1926 मध्ये न्यूयॉर्कमध्ये या कामाचं प्रशिक्षण देणारी शाळा निघाली आणि त्यानंतरच्या दशकांत विद्यापीठांनी हा विषय आपलासा केला. खेळायला जागा देणं ही सेवा आहे आणि ती नीट देण्यासाठी शिकावं लागतं, एवढं समाजाला उमगायला अर्धशतक लागलं.

रविवार कुणी दिला?

लोहगडाच्या पायथ्याला भाजे गाव आहे. तिथल्या दोन हजार वर्षांहून जुन्या लेण्यांत एक शिल्प आहे: एक स्त्री हातांनी तालवाद्य वाजवते आहे आणि शेजारी दुसरी नाचते आहे. विरंगुळा माणसाइतकाच जुना, असं ते शिल्प पाहून वाटतं. पण राबणाऱ्या माणसाला ठरलेल्या दिवशी, हक्काने मिळणारा विरंगुळा फार अलीकडचा आहे, आणि आपल्या भागात तो एका मराठी माणसाच्या लढ्यातून आला.

नारायण मेघाजी लोखंडे हे महात्मा फुल्यांचे सत्यशोधक सहकारी आणि ‘दीनबंधु’चे संपादक. मुंबईच्या कापड गिरण्यांत तेव्हा आठवड्याची सुट्टी नव्हती. लोखंड्यांनी 1884 मध्ये गिरणी कामगारांना एकत्र करून त्यांचं निवेदन सरकारपुढे ठेवलं. मागण्यांत आठवड्याच्या सुट्टीची मागणी होती. रविवार हा खंडोबाचा वार, हेही त्यांनी मांडलं. 24 एप्रिल 1890 रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. तिच्यात दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. 10 जून 1890 रोजी गिरणी मालकांच्या संघटनेने साप्ताहिक सुट्टी मान्य केली. त्यानंतर अठ्ठावन्न वर्षांनी, 1948 मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात चोविसावं कलम आलं: विश्रांती आणि विरंगुळा हा प्रत्येक माणसाचा हक्क आहे.

आता लोहगड-लोणावळ्याच्या मावळाचा धागा या रविवाराला कसा जुळतो ते पाहा. गिरणी कामगारांना ज्या गिरण्यांनी रविवार दिला, त्याच गिरण्यांना 1915 पासून वीज मिळू लागली ती लोणावळ्याच्या पावसातून. टाटांनी घाटमाथ्यावर धरणं बांधून पाणी साठवलं, ते नळांतून खाली खोपोलीच्या वीजघरात सोडलं आणि ती वीज मुंबईच्या गिरण्यांना पुरवली. त्याही आधी, बोरघाटातून गाडी जाऊ लागली त्या काळात, रेल्वेने वाफेच्या इंजिनांना पाणी हवं म्हणून भुशीचं धरण बांधलं होतं. पुढे 1 जून 1930 रोजी डेक्कन क्वीन सुरू झाली, ती आरंभी शनिवार-रविवारची गाडी होती. पुण्याच्या घोड्यांच्या शर्यतींना जाणारे मुंबईकर तिने जात. 2002 मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि दोन महानगरांचा रविवार मावळात येऊन मिसळला.

या सगळ्यात एक विलक्षण गोष्ट दडलेली आहे. मावळात लोक आनंदासाठी जिथे सर्वांत जास्त गर्दी करतात, त्यांतली बहुतेक ठिकाणं आनंदासाठी बांधलेलीच नाहीत. लोहगड लढाईसाठी, भुशी इंजिनांसाठी, टाटांचं वळवण धरण विजेसाठी. ज्याच्या काठावर तंबू लागतात, ते पवना धरण पिंपरी-चिंचवडच्या नळांना पाणी पुरवतं. कामासाठी घडवलेल्या जागेत माणसं विरंगुळ्यासाठी शिरली, की त्या जागेचे सगळे नियम नव्याने लिहावे लागतात. विरंगुळ्याचं शास्त्र हेच लेखन शिकवतं.

भीती आणि कंटाळा यांच्या मधोमध

माणसाला मजा येते म्हणजे नेमकं काय होतं, हा या विषयातला पहिला धडा. मिहाय चिक्सेंटमिहाय या मानसशास्त्रज्ञाने बुद्धिबळपटू, नर्तक, शल्यविशारद आणि कडे चढणारे गिर्यारोहक यांना हाच प्रश्न विचारला आणि 1975 च्या पुस्तकात उत्तर मांडलं. समोरचं आव्हान आपल्या कौशल्यापेक्षा फार मोठं असेल तर भीती वाटते, फार लहान असेल तर कंटाळा येतो. दोन्ही एकमेकांना तोलून धरतात तेव्हा माणूस कामात बुडून जातो, घड्याळ विसरतो.

खंडाळ्याजवळच्या नागफणीच्या कड्यावर हा सिद्धांत उघड्या डोळ्यांनी पाहता येतो. रॅपलिंगला, म्हणजे दोराने कडा उतरायला, आलेली मुलगी कड्याच्या काठावर पाठ दरीकडे करून उभी असते. तिला सांगितलेलं असतं, की मागे झोक दे, पाय खडकावर सपाट रोव, गुडघे फार वाकवू नकोस. शरीर ओरडून उलटं सांगत असतं: पुढे हो, खडकाला मिठी मार. पण मिठी मारली की पायांचा दाब खडकावर पडत नाही, घर्षण जातं आणि पाय घसरतात. मागे झुकलं की पाय घट्ट बसतात. पहिली काही पावलं जीव मुठीत धरून, आणि मग एकाएकी चेहरा बदलतो.

तिला न दिसणारं बरंच काही वर चालू असतं. दोर एकमेकांपासून स्वतंत्र अशा दोन अँकरना बांधलेला असतो, एक निसटला तरी भार दुसऱ्यावर यावा म्हणून. कमरेच्या हार्नेसमधल्या डिसेंडरमधून दोर वळून जातो, त्या घर्षणाने उतरण्याचा वेग हाताच्या ताब्यात राहतो. शिवाय बिलेचा, म्हणजे सुरक्षेचा, दुसरा दोर वर बसलेल्या प्रशिक्षकाच्या हातात असतो. मुलीचे दोन्ही हात सुटले तरी ती पडत नाही. प्रशिक्षक प्रत्येक कॅराबिनरचा, म्हणजे दोर अडकवायच्या कडीचा, स्क्रू आधी डोळ्यांनी तपासतो, मग बोटांनी दाबून पाहतो, आणि हे प्रत्येक माणसासाठी नव्याने करतो. जाणवणारा धोका भरपूर आणि खरा धोका जवळपास शून्य, ही साहसी खेळ चालवण्यामागची सगळी विद्या. महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, ते याच विद्येला नियमांत बसवण्यासाठी.

किती माणसं म्हणजे फार?

मावळातल्या धबधब्यांवर गणित उलटं होतं. तिथे जाणवणारा धोका कमी आणि खरा धोका मोठा. लोणावळ्यात वर्षाला 4,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. वर डोंगरात जोराची सर आली की खाली गुडघाभर वाटणारा ओढा काही मिनिटांत फुगतो. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा धक्का चौपट होतो, हे आपण शाळेत शिकलेलो असतो, पण पाण्यात उभं राहिल्यावर आठवत नाही. 30 जून 2024 च्या रविवारी भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातल्या पाच जणांचा वाहून जाऊन मृत्यू झाला.

त्यानंतर वर्षभराच्या आतच, 15 जून 2025 रोजी, कुंडमळ्याचा पूल पडला. तोही रविवार. तळेगावजवळच्या आंबी गावाशेजारून वाहणारी इंद्रायणी खाली इंदुरीपाशी कुंडमळ्यात येते. पात्रातल्या खडकाला इथे रांजणासारखे खळगे पडले आहेत. भोवऱ्यात सापडलेले गोटे वर्षानुवर्षं गरगरत राहिले आणि त्यांनी खडक कोरला. हे नवल बघायला लोक येतात. तिथला जुना लोखंडी पूल गावकऱ्यांना नदी ओलांडता यावी म्हणून होता आणि तो धोकादायक ठरवला गेला होता. त्या दुपारी त्यावर माणसं दाटीने उभी होती. पूल कोसळला. चौघांचा जीव गेला, पन्नासच्या आसपास माणसं जखमी झाली.

चालणाऱ्या माणसाला पुढे पाऊल टाकायला जागा लागते, म्हणून चालती गर्दी आपोआप विरळ राहते. थांबलेली गर्दी दाटत जाते. जॉन फ्रुइन या अभियंत्याने गर्दीचा अभ्यास करून दाखवलं, की चौरस मीटरला सातच्या आसपास माणसं झाली की गर्दी द्रवासारखी वागू लागते. तिच्यात लाटा उठतात आणि एकट्याच्या इच्छेला अर्थ उरत नाही. माणसी 65 किलो धरले तर पुलाच्या दर चौरस मीटरवर साडेचारशे किलोंहून जास्त वजन. ओलांडण्यासाठी बांधलेला पूल नदी बघण्याचा सज्जा बनला, की त्याच्यावरचा भार असा बदलतो. हेतू बदलल्याची ही सर्वांत महागात पडलेली खूण.

मग एखाद्या जागी किती माणसं सोडावीत? जे. अ‍ॅलन वॅगर यांनी 1964 मध्ये कुरणाची धारणक्षमता मोजतात तशी सहलीच्या रानांची मोजता येईल का, हे तपासलं. कुरणावर किती गुरं चरू शकतात हे गवत सांगतं. डोंगरावर किती माणसं मावतात हे नुसता डोंगर सांगू शकत नाही, कारण ती माणसं तिथे कशासाठी आली आहेत यावर उत्तर बदलतं. 1985 मध्ये अमेरिकी वनखात्याच्या अभ्यासकांनी प्रश्नच नव्याने मांडला: इथे किती बदल आपल्याला चालेल? आधी ते ठरवा, मग तो बदल मोजत राहा, आणि मर्यादा जवळ आली की पावलं उचला. लोहगडाचा समावेश जुलै 2025 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत झाला, मराठा लष्करी भूप्रदेशातल्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून. पायरीची झीज किती चालेल, दरवाज्यात किती मिनिटं थांबणं चालेल, टाक्याच्या पाण्यात किती प्लास्टिक चालेल, हे प्रश्न आता तिथे मोजपट्टी घेऊन विचारावे लागतील.

पाटीवर काय लिहावं?

धोक्याच्या जागी पाटी लावणं हा आपला नेहमीचा उपाय. पण पाटीच्या शब्दांचंही शास्त्र आहे. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात दगड बनलेल्या प्राचीन झाडांचं एक राष्ट्रीय उद्यान आहे. तिथून लोक दगडी लाकडाचे तुकडे खिशात घालून नेत. रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी वाटेवर खुणा केलेले तुकडे ठेवले आणि वेगवेगळ्या पाट्या लावून पाहिल्या. ‘पूर्वी अनेकांनी तुकडे नेल्याने उद्यानाची हानी झाली’ अशा अर्थाची पाटी होती तेव्हा जवळजवळ 8 टक्के तुकडे चोरीला गेले. ‘कृपया तुकडे नेऊ नका’ एवढीच साधी विनंती होती तेव्हा 2 टक्क्यांहून कमी. इतर लोक करतात हे कळलं, की माणसाला परवाना मिळाल्यासारखं वाटतं.

हा प्रयोग वाचून धबधब्यावरच्या सूचना नव्या नजरेने पाहाव्याशा वाटतात. ‘दरवर्षी इथे अनेक पर्यटक पाण्यात उतरतात’ या वाक्याने सुरू होणारी सूचना नकळत आमंत्रण ठरू शकते. कुठे उभं राहावं हे दाखवणारी रेघ, बसायला कट्टा, फोटोसाठी मुद्दाम केलेली सुरक्षित जागा यांनी जे साधतं ते लाल अक्षरांनी साधत नाही.

दिंडीकडून शिकण्यासारखं

गर्दी हाताळण्याची विद्या बाहेरूनच आणावी लागेल असं मात्र नाही. याच इंद्रायणीच्या काठावर, देहू आणि आळंदीतून, दरवर्षी जगातल्या मोठ्या पायी चालणाऱ्या समुदायांपैकी दोन निघतात. आळंदीच्या पालखी सोहळ्याला आजची शिस्त लावली ती हैबतबाबा आरफळकरांनी, एकोणिसाव्या शतकात. प्रत्येक दिंडीला क्रमांक आहे. 27 दिंड्या रथापुढे, बाकीच्या रथामागे. दिंडीत टाळकरी रांगांनी चालतात, मृदंग आणि वीणा आपापल्या जागी असतात आणि भजनाचा ताल पावलांचा वेग बांधतो. मुक्कामाला चोपदाराने चोप उंचावला की हजारो टाळ एका क्षणात थांबतात. लोट एकदम पुढे सरकणार नाही, प्रत्येकाला आपली जागा आणि आपली माणसं ठाऊक असतील, सूचना एका खुणेने शेवटपर्यंत पोचेल: गर्दीशास्त्राचे हे तिन्ही मुख्य नियम वारीत पिढ्यान्‌पिढ्या पाळले जात आहेत. वारी ही भक्ती आहे, तिला सहल म्हणता येणार नाही. पण तिची रचना शिकवण्यासारखी आहे, आणि ती शिकवणारा वर्ग मावळाहून जवळ कुठे भरणार?

ज्यांना रविवार मिळत नाही

या शास्त्राचा सर्वांत हळवा भाग वेगळाच आहे. तो विचारतो, सहलीला कोण आलं नाही? 1987 मध्ये ड्युएन क्रॉफर्ड आणि जेफ्री गॉडबी यांनी विरंगुळ्याच्या आड येणाऱ्या अडथळ्यांचे तीन थर मांडले. मनातला, म्हणजे ‘हे आपल्यासाठी नाही’ असं वाटणं. माणसांमधला, म्हणजे सोबत न मिळणं किंवा घरच्यांनी न सोडणं. आणि परिस्थितीतला, म्हणजे वेळ, पैसा, वाहन नसणं. देशाच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार 15 ते 59 वयाच्या घरकाम करणाऱ्या स्त्रियांची दिवसाला सरासरी 305 मिनिटं बिनपगारी घरकामात जातात. 2019 मध्ये ती 315 होती. लोखंड्यांच्या सभेत बोलायला उभ्या राहिलेल्या त्या दोघींच्या लेकी-नातींचा रविवार अजून स्वयंपाकघरातच अडकलेला आहे.

आंबीच्या शेजारी तळेगावची औद्योगिक वसाहत आहे. पाळीत काम करणाऱ्याची सुट्टी मंगळवारी येऊ शकते, मुलांची शाळा मात्र रविवारी बंद असते. बाग सकाळी आणि संध्याकाळीच उघडी राहिली तर रात्रपाळी करून आलेल्याला ती बंदच सापडते. बागेच्या फाटकाची वेळ ठरवणं हा न्यायाचा प्रश्न आहे, हे मला या विषयाने शिकवलं.

विरंगुळा औषधही होतो. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 1986 मध्ये सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात उपचारांच्या जोडीला कला, खेळ, योग यांना स्थान मिळालं. व्यसन सुटलं की रिकामा वेळ समोर उभा राहतो, आणि तो भरता आला नाही तर व्यसन परत येतं. लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये कैवल्यधाम उभारलं आणि योगाची परीक्षा प्रयोगशाळेत केली. शरीर-मनाच्या स्वास्थ्याला विद्यापीठीय शिस्त लावण्याचं काम या डोंगरात शंभर वर्षांपूर्वीच सुरू झालं आहे.

आंबीच्या वर्गात

आंबीत आज डी. वाय. पाटील विद्यापीठाचा परिसर आहे. खिडकीतून एकीकडे कारखाने, दुसरीकडे मावळचे डोंगर आणि मधून इंद्रायणी, अशा ठिकाणी विरंगुळ्याच्या व्यवस्थापनाची पदवी सुरू झाली तर तिला वेगळी प्रयोगशाळा बांधावी लागणार नाही. पहिल्या वर्षी विद्यार्थ्यांनी लोहगडाच्या दरवाज्यांत दर पाच मिनिटांना चढणारे-उतरणारे मोजावेत. दुसऱ्या वर्षी शिवदुर्ग मित्रसारख्या बचाव पथकांकडून दोर, पाणी आणि प्रथमोपचार शिकावेत. पवनेच्या काठावर तंबू भाड्याने देणाऱ्या शेतकरी कुटुंबांबरोबर बसून सांडपाणी, आवाज आणि हिशेब यांची घडी बसवावी. तिसऱ्या वर्षी एखाद्या गावातल्या बायकांना विचारावं, की आठवड्यातले दोन तास तुमचे स्वतःचे असते तर काय केलं असतं, आणि त्या उत्तरावरून एक कार्यक्रम उभा करून दाखवावा.

‘यात नोकरी कुठे?’ हा आई-वडिलांचा प्रश्न रास्त आहे. महापालिकांची उद्यानं आणि विरंगुळा केंद्रं, कारखान्यांचे कामगार-कल्याण विभाग, साहसी खेळांचे केंद्रचालक, वृद्धाश्रम, व्यसनमुक्ती केंद्रं, वनविभागाचे निसर्ग प्रकल्प, गडसंवर्धन, कृषी पर्यटन: यांतल्या प्रत्येक ठिकाणी हे काम आज कुणीतरी करतंच आहे. बहुतेक ठिकाणी ते न शिकता, अंदाजाने आणि अपघात झाल्यावर करतं.

रेल्वेला पाणी हवं होतं तेव्हा अभियंते आले, गिरण्यांना वीज हवी होती तेव्हाही आले. मावळातल्या प्रत्येक मोठ्या कामाला त्या कामाचं शिक्षण घेतलेली माणसं मिळाली. आता दोन महानगरं दर रविवारी इथे आनंद मागायला येतात. हेही तेवढंच मोठं काम आहे, आणि त्यालाही शिकलेली माणसं मिळायला हवीत.